तारीख मिळाली, झोप मिळत नाही

प्रश्न: ताई, नमस्कार. मी भांडुपला राहते, वय 57. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. होळीच्या सुमारास अंगावरून थोडं लाल गेलं. उष्णता असेल म्हणून सब्जाचं पाणी प्यायले आणि गप्प बसले. पुढे मधूनमधून जातच राहिलं. चार महिन्यांनी लेकीने ओढत डॉक्टरबाईंकडे नेलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि कर्करोग आहे असं आलं. मग एमआरआय झाला. पिशवीच्या बाहेर गेलेला दिसत नाही, ऑपरेशन करून पिशवी आणि अंडाशय काढू, असं डॉक्टर म्हणाले. तारीख मिळाली ती तेवीस दिवसांनंतरची. मधे गणपती येतात.

दिवस कसातरी जातो. रात्री तीनला टक्क जाग येते आणि आत ते वाढतंय असं वाटत राहतं. चार महिने का गप्प बसले म्हणून स्वतःचाच राग येतो. मुलगा म्हणतो, ‘आई, पॉझिटिव्ह राहा.’ नणंद म्हणते, ‘नुसती पिशवीच तर काढायची. माझी काढली तेव्हा महिन्याभरात मी भाकऱ्या थापायला लागले.’ सासूबाई म्हणाल्या, अंगावरून जातंय तर यंदा नैवेद्याला हात लावू नकोस. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. हे बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत, त्यांना बीपी आहे, म्हणून त्यांना काहीच सांगत नाही. हे तेवीस दिवस मी कसे काढू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर: तुमची तारीख जवळ होती म्हणून हे उत्तर मी तुम्हाला आधीच टपालाने पाठवलं. आता तुमची परवानगी घेऊन इथे छापायला देते आहे. अशी पत्रं मला पुष्कळ येतात आणि बहुतेकींनी नावाच्या जागी नुसतं उपनगर लिहिलेलं असतं.

2016 साली मी तुमच्याच वयाची होते. हाच आजार, हेच ऑपरेशन. महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होते, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मला बावीस दिवसांनंतरची तारीख मिळाली. त्या दिवशी बॅग भरून, लेकीला रजा घ्यायला लावून, शेजारी किल्ली देऊन परळच्या रुग्णालयात गेले, तर उपाशीपोटीची साखर 210 निघाली. भूलतज्ज्ञांनी फाइल परत केली. आणखी नऊ दिवस. परतीच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात दाराजवळ उभी राहून मी रडले. टोपल्या घेऊन बसलेल्या एका कोळणीने काही न विचारता सरकून मला जागा दिली. ती बाई मला अजून आठवते. तर माझे एकतीस दिवस झाले, आणि त्यातल्या निदान पंचवीस रात्री मी तुमच्यासारखीच तीन वाजता जागी होते.

आधी ‘आत वाढतंय’ याबद्दल. पिशवीच्या अस्तराचा जो नेहमी आढळणारा प्रकार आहे तो बहुतेक वेळा सावकाश वाढणारा असतो. काही प्रकार मात्र चपळ असतात. तुमचा कोणता, ते तुकड्याच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं. त्यावर ‘ग्रेड’ असा शब्द असेल, त्यापुढे 1, 2 किंवा 3. आकडा जितका मोठा तितका तो चपळ. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: ‘माझा ग्रेड कोणता? तेवीस दिवस थांबल्याने माझ्या बाबतीत काही बिघडेल का?’ मी हे विचारायला अकरा दिवस घाबरले, आणि विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘बाई, बिघडणार असतं तर मी तुम्हाला ही तारीख दिली असती का?’ ते एक वाक्य मला पहिल्या दिवशी मिळालं असतं तर अकरा रात्री वाचल्या असत्या. तारीख देताना डॉक्टर रिपोर्ट पाहतात आणि कोणाला आधी घ्यायचं ते ठरवतात. पण ते आपल्याला सांगायचं राहून जातं. ओपीडीत आपल्यामागे साठ माणसं उभी असतात. म्हणून आपण विचारायचं. एवढं मात्र लक्षात ठेवा: तासाला पॅड भिजेल असं जायला लागलं, चक्कर आली, ताप भरला किंवा ओटीपोटात असह्य दुखलं, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं. रात्रीही.

आता ते चार महिने. तुम्ही सब्जाचं पाणी प्यायलात, मी वरीच्या तांदळाची पेज घेत होते. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी लाल दिसलं तरी तपासून घ्यायचं, हे आपल्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. जे माहीतच नव्हतं ते केलं नाही म्हणून स्वतःला शिक्षा देत बसू नका. आणि हे रक्त दिसलं म्हणूनच तुमचा आजार पिशवीत असताना हाती लागला. पोटातले कितीतरी कर्करोग काहीच खूण देत नाहीत, हा देतो. पिशवीपुरता असताना सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात. अमेरिकेतल्या नोंदींत अशा शंभर बायकांतल्या नव्वदहून जास्त पाच वर्षांनंतरही हयात असतात. मी तर हे उत्तर लिहिते आहे.

तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण मनात असणार म्हणून लिहिते. हा कोणाच्या शापाने होत नाही, तांबी बसवल्याने होत नाही, मुलं होऊ न देण्याच्या ऑपरेशनने होत नाही. मुख्य कारण शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं, म्हणजे हार्मोनचं. त्याला आवर घालणारं दुसरं संप्रेरक कमी पडलं की अस्तर वाढत राहतं. वजन जास्त असणं, मधुमेह, पाळी उशिरा जाणं, मूल न झालेलं असणं, यांनी धोका वाढतो. पण सडपातळ बायकांनाही तो होतो. लोक याची आणि पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची गल्लत करतात. तो वेगळा, विषाणूमुळे होणारा. त्यावरून बायकांच्या चारित्र्यावर बोलणारे महाभाग आपल्या नात्यांत असतात. तो आजार झालेल्या बाईलासुद्धा लाज वाटण्याचं काही कारण नाही. तुमच्या आईकडच्या किंवा वडिलांकडच्या कोणाला पन्नाशीच्या आत पिशवीचा किंवा आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेवढं डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही घराण्यांत तो पिढीजात असतो आणि तसं असलं तर तुमच्या लेकीनेही तपासून घ्यायला हवं.

रात्रीचं सांगते. माझ्याकडे शाळेची एक शंभर पानी वही होती. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी स्वयंपाकघरात दिवा लावून बसले आणि डोक्यात जे फिरत होतं ते एकेका ओळीत उतरवलं. टेबलावरून उठलेच नाही तर? केस जातील का? आईच्या पाटल्या कोणाला द्यायच्या? यांना चहासुद्धा करता येत नाही. पिशवी काढल्यावर आत पोकळी राहते का? मला मरायचं नाही. अशा सव्वीस ओळी झाल्या. सकाळी वाचल्या तेव्हा लक्षात आलं, रात्री हा सगळा एकच काळा गोळा वाटत होता, आणि प्रत्यक्षात प्रत्येक ओळीचा धनी वेगळा आहे. मी समोर लिहीत गेले: डॉक्टर, भूलतज्ज्ञ, लेक, हे.

भूलतज्ज्ञांची ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांनी खुर्ची ओढून, माझी ईसीजी आणि एको समोर ठेवून मला दहा मिनिटं समजावलं. केसांची ओळ डॉक्टरांना. ते म्हणाले, ऑपरेशनने केस जात नाहीत, काही केमोने जातात आणि ती लागेल की नाही हे नंतर कळेल. पोकळीची ओळ विचारायला मला लाज वाटली, तर वॉर्डमधल्या सिस्टरनेच सांगितलं की सगळ्या बायका हे विचारतात, आतडी सरकून ती जागा भरून काढतात. पाटल्यांचं लेकीशी बोलले. ती आधी रागावली, मग रडली आणि मग म्हणाली, ‘मला नकोत, पण आजीचा तांब्या दे.’ तो तांब्या मला माळ्यावरचा भंगारातला वाटत होता. ‘मला मरायचं नाही’ या ओळीपुढे मात्र कोणाचंच नाव घालता आलं नाही. ती तशीच राहिली. सव्वीसातल्या बावीस ओळींना माणूस मिळाला होता, चार माझ्यापाशी उरल्या. चारांबरोबर मला कशीबशी झोप लागायची, सव्वीसांबरोबर लागत नव्हती.

तुम्हीही वही करा. तीन वाजता जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून बसा, दिवा लावा, लिहा. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत. रात्री तीनला त्यावर जे वाचाल ते तुमच्या ग्रेडचं, तुमच्या वयाचं, तुमच्या पोटाचं नसेल.

यजमानांबद्दल तुमच्याशी थोडं भांडते. त्यांना बीपी आहे म्हणून तुम्ही नळ सोडून रडता. एवढ्याशा घरात बाथरूमचा नळ वीस मिनिटं वाहतोय हे त्या माणसाला कळत नसेल का? ज्यांनी आयुष्यभर भरलेल्या बसमध्ये चेहरे ओळखून तिकिटं फाडली, ते तुमचा चेहरा ओळखत नसतील? त्यांना कळलेलं आहे. फक्त तुम्ही सांगत नाही म्हणून तेही बोलत नाहीत, आणि एका घरात दोन माणसं एकेकटी घाबरली आहेत. मी आमच्या ह्यांना एके संध्याकाळी म्हटलं, ‘मला आता रडायचं आहे. काही बोलू नका, उपाय सुचवू नका, फक्त बसा.’ ते बसले. हातात वर्तमानपत्र होतं ते खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. दहा मिनिटांनी म्हणाले, ‘मी पण घाबरलोय गं.’ लग्नाला तीसहून जास्त वर्षं झाली होती आणि हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्या रात्री मी सहा तास झोपले.

मुलाला सांगा, पॉझिटिव्ह राहायला जमेल तेव्हा राहीन. रडल्याने कर्करोग वाढत नाही आणि हसल्याने आटत नाही. मुलगा तसं म्हणतो कारण त्याला आईला रडताना बघवत नाही. त्याला एखादं काम द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची ऑपरेशनं येतात. रुग्णालय त्या योजनेत असेल तर तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन मुलाने दाखल होण्याच्या आधी त्याला भेटावं. बिल झाल्यावर गेलं तर हातात काही राहत नाही.

नणंदेची पिशवी गाठींसाठी काढली असेल, तिचं दुखणं खरं आणि धीर देण्याचा हेतूही खरा. पण तुमचं दुखणं वेगळं आहे. एक तर तुमच्या कागदावर तो शब्द लिहिलेला आहे, आणि दुसरं म्हणजे ‘नुसती पिशवी’ असं काही नसतं. माझी तारीख पुढे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक्स-रेसाठी परळलाच होते. काम लवकर झालं. चालत आचार्य दोंदे मार्गावर गेले आणि वाडिया प्रसूतिगृहाच्या समोर फुटपाथवर उभी राहिले. 1986 साली लेक तिथे झाली. त्याच्या दोन वर्षं आधी पाचव्या महिन्यात एक गेलं होतं, तेही तिथेच. त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं, पण मी मनात ठेवलं होतं. ते मूल जगात कुठे राहिलं असेल तर ते फक्त माझ्या त्या पिशवीत, आणि आता तीही जाणार होती. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. गेटवर एक बाई दुपट्यात बाळ घेऊन टॅक्सीची वाट बघत होती. मी पाच मिनिटं उभी राहिले आणि घरी आले. तुमची दोन्ही मुलं मोठी झाली, पाळी गेली, आता पिशवीचा उपयोग काय, असं लोक म्हणतील. उपयोग नसला तरी वाईट वाटतं, आणि तसं वाटू द्यावं.

आता नैवेद्य. मला हे वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या अंगावरून जातं आहे ती पाळी नाही, ते आजाराचं रक्त आहे. हात कापला तर कोणी नैवेद्यापासून दूर बसवतं का? माझं मत तर असं की पाळी असती तरी बसवू नये. पण हा वाद आत्ता तुम्ही सासूबाईंशी घालायचा नाही. तो त्यांच्या मुलाने घालायचा. त्यांना सांगा, ‘आईंशी तुम्ही बोला.’ आणि तुम्हाला मोदकांना कळ्या पाडायच्या असतील तर खुर्चीवर बसून पाडा. पाटावर उकड मळत बसू नका, पंचवीस माणसांचं रांधू नका. हरतालिकेचा निर्जळी उपास यंदा अजिबात नको. इतके महिने रक्त गेलंय, हिमोग्लोबिन आधीच खाली असेल. रक्त, लोह, साखर, जे डॉक्टरांनी भरून काढायला सांगितलं असेल ते याच दिवसांत काढायचं आहे. माझी तारीख साखरेने गेली होती, तुमची जाऊ नये. आणि गणपतीला येणारे पाहुणे काढे, पुड्या, कोणाच्या तरी गावच्या मुळ्या घेऊन येतील. त्यांचे आभार माना आणि ठेवून द्या. काही मुळ्यांनी रक्त पातळ होतं, भूल देणाऱ्यांची पंचाईत होते. जे काही घेत असाल, अगदी गुडघ्याच्या तेलाच्या गोळ्यासुद्धा, ते भूलतज्ज्ञांना सांगा. चालू गोळ्याही त्यांच्या सांगण्याशिवाय बंद करू नका.

तीन चेंडूंचं फुंकायचं, खरं तर ओढायचं, यंत्र मिळालं असेल तर ते आजपासून सुरू करा. भूल उतरल्यावर छातीत कफ साठू नये म्हणून ते असतं. आमच्याकडे पाण्याची वेळ सकाळी पाचची, तेव्हा पिंप भरेपर्यंत मी ते ओढायची. पहिल्या दिवशी एकच चेंडू वर गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिन्ही गेले. मला त्याचा इतका आनंद झाला की शाळेत मुलांना सांगितला. संध्याकाळी अर्धा तास चाला, झेपेल तितकंच. भांडुपचा चढ नको, सपाटीवर.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती म्हणून मी मोडून पडले होते, ती तुम्हाला आधीच सांगते. ऑपरेशन झालं की वाट पाहणं संपत नाही. काढलेली पिशवी तपासायला जाते आणि तो रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागतात. आजार किती खोल होता, आसपासच्या लसिका गाठींत (लिम्फ नोड्समध्ये) गेला होता का, शेक म्हणजे रेडिएशन लागेल का, हे त्यातून ठरतं. बहुतेकींना ऑपरेशनवरच थांबता येतं, काहींना पुढचे उपचार लागतात. मला आतून द्यायच्या रेडिएशनच्या तीन बैठका लागल्या. ती वही फेकू नका, त्या दिवसांतही लागेल.

आणि हे सगळं करूनही जेवण जात नसेल, काही केल्या झोप लागत नसेल, किंवा ‘ऑपरेशनच नको, संपू दे’ असं मनात यायला लागलं, तर ते तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत यासाठी समुपदेशक आणि समाजसेवक असतात. त्यांच्याकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, मीही दोनदा गेले होते. रात्री कोणी नसेल तर 14416 हा सरकारी ‘टेलिमानस’चा नंबर आहे. 2022पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं.

ऑपरेशन झाल्यावर मला दोन ओळी लिहा. घाई नाही.

प्रश्न: माझी आई 68 वर्षांची आहे. तिलाही पिशवीचा कर्करोग आहे, दहा दिवसांनी ऑपरेशन आहे. बाबा आणि दादाने ठरवलंय की तिला ‘गाठ आहे’ एवढंच सांगायचं. ती सारखी विचारते, ‘गाठीसाठी इतक्या मोठ्या दवाखान्यात कशाला?’ मला खोटं बोलवत नाही.
— लेक, कांदिवली

उत्तर: ज्या इमारतीवर मोठ्या अक्षरांत ‘कर्करोग’ असं लिहिलेलं आहे, तिथे तुम्ही आईला घेऊन जाता. रांगेत तिच्या शेजारी डोक्याला स्कार्फ बांधलेल्या बायका बसतात. तिला वाचता येतं ना? मग तिला कळलेलं आहे, किंवा अर्धवट कळलेलं आहे, आणि अर्धवट कळणं सगळ्यात छळतं.

माझ्या आईच्या बाबतीत आम्ही हेच केलं होतं. 1989 साल, तिच्या स्तनात गाठ. भावांनी ठरवलं, मी मान डोलावली. तिला ‘पू झालाय’ म्हणून सांगितलं. ती शेवटपर्यंत आमच्यासमोर ‘पू कधी बरा होणार’ असं विचारत राहिली. ती गेल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं, तिला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. आम्हाला त्रास नको म्हणून तिने माहीत नसल्यासारखं केलं. म्हणजे आजारपणात तिने आम्हाला सांभाळलं, आणि तिला मात्र कोणाशी बोलता आलं नाही. मला याची बोच आज इतक्या वर्षांनीही आहे.

शिवाय ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही तिची लागते. त्यावर काय करणार ते लिहिलेलं असतं. ते तिने ऐन आदल्या संध्याकाळी, परक्या वॉर्डमध्ये वाचावं असं वाटतं का तुम्हाला?

सगळं एकदम ओतू नका. दुपारी, ती भाजी निवडत असताना शेजारी बसा आणि विचारा, ‘आई, तुला काय वाटतं, काय झालंय?’ आणि मग गप्प बसा. बहुधा तो शब्द तीच काढेल. मग विचारा, ‘तुला सगळं सांगू, का लागेल तेवढंच?’ काही बायकांना सगळं हवं असतं, काही म्हणतात तुम्ही बघा, मला तारीख सांगा. दोन्ही तिचा अधिकार. जे सांगाल ते खरं असू दे: पिशवी काढायची आहे, डॉक्टरांना बरं होण्याची आशा आहे, मी रोज येणार आहे. बाबांना आणि दादाला आधी सांगा की तुम्ही हे करणार आहात. त्यांना राग येईल. राग आला तर डॉक्टरांना सांगा, ते घरच्यांना एकत्र बसवून बोलतात. यात नवल नाही, रोज एखादं तरी असं घर त्यांच्यासमोर बसतं.

प्रश्न: पत्नीचं हेच ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. मी काय बोलावं कळत नाही. ती विचारते ‘तुम्ही गप्प का?’
— विक्रोळी

उत्तर: जे कळत नाही तेच म्हणा. ‘मला काय बोलावं समजत नाही, पण मी इथे आहे’ हे वाक्य चांगलं आहे.

आणि सोमवारच्या आत स्वयंपाक शिका. वरण-भात, मुगाची खिचडी, चहा. तिच्याकडूनच शिका, ती खुर्चीवर बसून सांगेल. डाळीला किती पाणी, किती शिट्ट्या, हिंगाची डबी कुठे. ऑपरेशननंतर सहा आठवडे तिने भरलेली बादली, गव्हाचा डबा, नातवंड, काही उचलायचं नाही. हे डॉक्टर सांगतात आणि चौथ्या दिवशी घरात कोणी नसलं की बायका बादली उचलतात. तुम्ही घरात असलं पाहिजे. पोटात हवा भरून दुर्बिणीने केलं असेल तर एकदोन दिवस तिचा खांदा दुखेल, घाबरू नका, तो त्या हवेचा त्रास असतो. पायरी चढताना हात धरा. पण पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, दम लागला किंवा पुन्हा जास्त रक्त गेलं तर लगेच दवाखाना गाठा. जवळिकीचं विचारायला संकोच वाटेल. डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत, साधारण दोनेक महिने, थांबायचं. हात धरून झोपायला मात्र आजपासूनच काही हरकत नाही.

फाइल, एमआरआयची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट, आधार, गोळ्यांची चिठ्ठी हे सगळं एका पिशवीत रविवारी रात्रीच भरून दाराशी ठेवा, आणि ती पिशवी तुम्ही घ्या, तिच्याकडे देऊ नका.